खाली दिवस

हिवतापाला पाळी असते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. आज हुडहुडी, उद्या आराम, परवा पुन्हा हुडहुडी. मधल्या आरामाच्या दिवसाला आमच्या गावात खाली दिवस म्हणतात. खाली दिवशी माणूस उठतो, वाटीभर पेज पितो आणि कामाला लागतो, कारण उद्या आपण पुन्हा आडवे होणार हे त्यालाही ठाऊक असतं आणि घरच्यांनाही. लाकडं फोडणं, बांधावर माती घालणं, बहिणीला सासरी पोचवून येणं, असली कामं खाली दिवस पाहून ठरवलेली मी लहानपणी पाहिली आहेत. माझा दहावीचा गणिताचा पेपर नेमका खाली दिवशी आला, म्हणून मायनं देवापुढे नारळ फोडला होता.

हे लिहितानाही माझं डोकं तापतं. माझे बाबा अशाच एका खाली दिवसानंतर गेले, आणि तो दिवस खाली आहे असं त्यांना सांगणारा मी होतो.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून. आमचं घर मासे धरणाऱ्यांचं. गावाला जुना मोठा तलाव, त्यावर मच्छीमारांची सोसायटी, आणि घरटी एक डोंगा नाहीतर निदान एक जाळं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. मी पुढे शिकत गेलो तसतसा त्यांचा एक नाद वाढत गेला: घरातली प्रत्येक गोष्ट मला विचारायची. धानावर कोणतं औषध मारायचं, मरळ माशाच्या अंगावर फोड येतात ते कशानं, चंद्राला खळं पडलं तर खरंच पाऊस येतो का. मी सुट्टीला आलो की उत्तरं गोळा करायची आणि मी गेल्यावर ती गावात वापरायची. 'पोरगा म्हणते' एवढं म्हटलं की त्यांच्यापुरता वाद संपला. मायचं म्हणणं त्यांनी जन्मात ऐकलं नाही. ती सांगायची, ते हं हं करायचे आणि स्वतःला हवं तेच करायचे.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत संशोधन करत होतो. विषय फ्लूचा विषाणू. गावात बाबा सांगायचे, "पोरगा सर्दीवर शिकून राह्यला." त्यावर तलावाच्या बांधावर बसलेले लोक खिदळायचे. एक म्हातारा मला दर सुट्टीत तेच ऐकवायचा, "सर्दीवर काय शिकाचं गा? नाक पुसाचं आन कामाले लागाचं!" मीही हसायचो. आता तो म्हातारा आठवला की मला त्याचा नाही, माझ्या हसण्याचा राग येतो.

एका सुट्टीत बाबा अंगणात जाळं विणत बसले होते आणि मी शेजारी. त्यांनी विचारलं, "तो कीडा शरीरात जाऊन करते तरी काय?" मी त्यांना जमेल तसं सांगितलं. आपलं शरीर पेशींचं बनलेलं. एका पेशीत हा शिरला की ती पेशी आतल्या आत निरोप धाडते, निरोपावर निरोप, साखळीसारखे, आणि शेवटी शेजारच्या पेशींना ओरडून सांगते की चोर आला, दारं लावा. त्या ओरडण्याला आम्ही इंटरफेरॉन म्हणतो. पण या विषाणूजवळ एक छोटंसं प्रथिन असतं. त्याचं कामच हे की निरोपाची साखळी मधेच तोडायची.

"म्हंजे तो पेशीले मारते," बाबा म्हणाले.

"लगेच नाई मारत बाबा. पहिले तिचं तोंड दाबते. मंग तिचीच यंत्रणा वापरते. पेशीले वाढाचा निरोप देणारी एक साखळी असते, ते हा आपल्यासाठी चालू करते, आपला माल बाहेर काढाले. आन पेशीनं लवकर मरू नये म्हणून जगाचा निरोपबी देत राह्यते. काम झालं का मंग मरू देते."

बाबांनी जाळ्यातली सुई थांबवली. "आपल्या तलावात चोरटे येतात ना, ते पहिले कुत्र्याले भाकर टाकतात."

"बस, तसंच."

"म्हंजे बाहेरून पाहणाऱ्याले वाटन, समदं ठीक हाये."

माझ्या मार्गदर्शकांना हे समजावायला मला दोन चर्चासत्रं लागली होती. बाबांनी ते एका वाक्यात सांगितलं. मग मी त्यांना सांगितलं की आम्ही हा विषाणू वाढवतो तो काचेच्या बाटलीत, कुत्र्याच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशींवर. तेव्हा ते इतके हसले की त्यांचा गाठीचा धागा सुटला. "माणसाची सर्दी आन कुत्र्याचे गुर्दे! वा रे तुयं शिक्षण!"

ज्या जानेवारीबद्दल मला सांगायचं आहे, तेव्हा मी प्रबंधाचं एक प्रकरण लिहायला घरी आलो होतो. शहरात खोलीवर गलका फार, म्हणून गावी शांतपणे लिहू असा बेत. येताना माझा घसा दुखत होता. दोन दिवस अंगही मोडून आलं होतं. मी म्हटलं, एसटीची धूळ. फ्लूवर चार वर्षं घासलेल्या माणसानं स्वतःच्या दुखऱ्या घशाला धूळ म्हणावं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मला शाळेत पाठ होती. कोणासाठी आहे ते कळायला पुढे बाप गमवावा लागला.

पाचव्या दिवशी बाबांना थंडी वाजून ताप आला. अंग ठणकत होतं, डोळे लाल. दुसऱ्याच दिवशी गावात फिरणारा मलेरियावाला भाऊ आला. त्यानं बाबांचं बोट टोचलं, काचपट्टीवर रक्ताचा ठिपका घेतला, पट्टी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आणि कडू गोळ्या दिल्या. तो भला माणूस होता. सायकलवर जंगलातून फिरायचा, लोकांची बोलणी खायचा. आमच्याकडे ताप म्हटला की काचपट्टी आणि गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी कितीतरी माणसं वाचलेली आहेत, हे मी नाकारत नाही. पण म्हणून जंगलातल्या माणसाला दुसरा कोणता ताप यायचाच नाही? शहरातल्या माणसाला दहा तऱ्हेचे ताप, आणि आम्हाला एकच! आमच्या भागात फ्लू नव्हता, कारण आमच्या भागात फ्लू शोधत कोणी नव्हतं. आणि शोधू शकणारा जो एक माणूस होता, तो खाटेवर बसून प्रकरणातल्या चुका दुरुस्त करत होता.

बाबांचा ताप सलग तीन दिवस राहिला. सलग! मधे एकही खाली दिवस नाही. घरात कोणाला ते खटकलं नाही. मलाही नाही. चौथ्या दिवशी सकाळी अंग गार झालं, तशी माय म्हणाली, उतरला. त्याच दिवशी तलावात मोठं ओढजाळ लागणार होतं.

ओढजाळाचा आमचा एक नियम आहे. वर्षातून काही वेळा अख्खी सोसायटी मिळून ते जाळं ओढते. ज्या घरचा माणूस पाण्यात, त्या घरी माशांचा हिस्सा. माणूस नाही तर हिस्सा नाही. मी लिहिण्याच्या नावाखाली घरी बसलेला, शहरात राहून पोहणंही विसरलेला, त्यामुळे माझं नाव कोणी घेतलं नाही आणि मीही पुढे केलं नाही. छातीभर गार पाण्यात दोन-अडीच तास उभं राहून ते जाळं खेचावं लागतं.

बाबा दारात आले. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल. "बापू, आज खाली दिवस हाये ना?"

मी लाल पेन्सिलनं एका वाक्याखाली रेघ मारत होतो. मान वर केली नाही. "हो, खालीच हाये. जा तुमी. पर लवकर या."

माय चुलीपासून म्हणाली, "खोकून राह्यले ते. आजच्या दिवस नोका जाऊ."

"पोरगा म्हणते ना," बाबा म्हणाले आणि गेले.

हे एवढंच झालं. यात काही नाट्य नाही, आणि मला त्याचीच चीड येते. मी उठून त्यांच्या छातीला कान लावला असता, नुसतं दोन मिनिटं त्यांच्याकडे पाहिलं असतं, तर त्यांचा श्वास पुरता आत जात नाही हे कोणालाही दिसलं असतं. पाण्यात उभं राहून न्युमोनिया होत नाही, हे मला समजतं. कोणी मला तसं सांगून समजूत घालायला येऊ नये. माझा गुन्हा पाण्याचा नाही. त्यांनी मला विचारलं, आणि मी न बघता उत्तर दिलं. त्यांच्या आजाराची फाइल मी तिथल्या तिथे बंद केली.

दुपारी ते हिस्सा घेऊन आले. दोन रोहू आणि एक मरळ. मायनं कालवण केलं, त्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं आणि पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हुडहुडी भरली, पहिल्यापेक्षा जोरात, आणि अंगणात जमलेले सगळे समाधानानं म्हणाले, "पाळी आली बरोबर." अगदी गणित सुटल्यासारखे. मीही मान डोलावली. मीच हातानं त्यांना उरलेल्या गोळ्या दिल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

त्याच्या पुढच्या दिवशी त्यांना बोलताना धाप लागू लागली. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. नखं जांभळी झाली. गावातल्या एकाची जीप मिळवून आम्ही त्यांना एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं पाठीला नळी लावली आणि कितीतरी वेळ काढलीच नाही.

"दोन्ही बाजूंनी भरलंय. दोन दिवस आधी का आणलं नाही?"

"मलेरिया होता," मी म्हणालो.

"मलेरियात असं खोकतं का कोणी?" त्यांनी इंजेक्शन भरता भरता माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"शिकतो."

काय शिकतो ते मी सांगितलं नाही. त्यांनी गडचिरोलीला न्यायला सांगितलं, चिठ्ठी दिली, आणि स्वतः जीपपर्यंत येऊन बाबांना नीट टेकवून बसवलं. आरमोरी यायच्या आधीच बाबा गेले. भर दुपार होती, रस्त्यावर ऊन होतं. त्यांचं डोकं मायच्या खांद्यावर होतं, आणि तिला वाटलं त्यांना झोप लागली, म्हणून तिनं मला हातानं खूण केली की बोलू नको.

तिसऱ्या दिवशी मी कुरखेड्याला जाऊन एसटीडी बूथवरून माझ्या मार्गदर्शकांना फोन केला. सुट्टी वाढवून हवी होती. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग म्हणाले, "काय झालं होतं? मलेरिया का? तुमच्याकडे फार असतो म्हणे."

मी म्हणालो, "हो सर."

देशात फ्लू कळणारी जी थोडी माणसं असतील, त्यांतली दोन त्या फोनच्या दोन टोकांना होती. एकानं विचारलं मलेरिया का, दुसऱ्यानं म्हटलं हो. त्या बूथची काच फोडावीशी मला तेव्हा वाटली नाही. तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. आज वाटते.

कळलं ते त्याच्या दोन दिवसांनी. बसायला आलेली माणसं अंगणात होती, मी डोकं भादरून भिंतीला टेकलो होतो. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, म्हणून खोकला ऐकू येत होता. उजवीकडे एक म्हातारी. मग शेजारचा जावई. मग ओसरीवरची दोन लेकरं. मग मागून कोणीतरी, कोरडा, खरखरीत, एकामागून एक. निम्मं अंगण खोकत होतं. मी शेजारच्याला विचारलं, "कवापासून हाये हा खोकला?"

"आठ-दहा दिस झाले गा. समद्या गावाले हाये. थंडी हाये ना!"

हिवतापात अख्खं गाव खोकत नाही. एवढं कळायला संशोधन लागत नाही, कान लागतात. मी आलो त्याच्यानंतरचे ते आठ-दहा दिवस होते. मी माझा दुखरा घसा आठवला. बाबांच्या सलग तीन दिवसांच्या तापाचा, लाल डोळ्यांचा, ठणकणाऱ्या अंगाचा एकेक मणी माझ्या डोक्यात ओवला गेला, आणि मी तिथून उठून परसात निघून गेलो. लोकांना वाटलं दुःखानं.

त्यांच्या छातीत काय झालं असेल ते मी पाहिल्यासारखं सांगू शकतो. श्वासनळीच्या आतल्या पेशींनी पहिल्या काही तासांत हाक मारायची, ती मारू दिली गेली नाही. गुपचूप माल तयार होत राहिला. हाक अखेर फुटली तेव्हा ती भलतीच मोठी फुटली, तोच तो तीन दिवसांचा ताप. चौथ्या दिवशी ताप उतरला. विषाणूचं काम आटोपत आलं होतं, आणि मागे उरलं होतं सोललेलं अस्तर आणि गोंधळलेले राखणदार. असल्या उघड्या जागेत दुसरे जंतू सहज घर करतात. त्यांना जमायला एखाद-दोन दिवस लागतात. तेवढे दिवस माणूस बरा दिसतो. आम्ही त्याला खाली दिवस म्हटलं.

हे सगळं मी शपथेवर सांगू शकत नाही. घशाचा नमुना कोणी घेतला नाही, तपासणी झाली नाही. पुढे मार्गदर्शकांना सांगितलं तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "पण पुरावा नाही ना आपल्याकडे." बरोबरच होतं त्यांचं. बरोबर असलेल्या माणसावर इतका राग मला आयुष्यात दुसऱ्यांदा आला नाही. पुरावा पाण्यात उभा राहून मासे ओढत होता तेव्हा मी घरी पुराव्यांवर प्रकरण लिहीत होतो. कुत्र्याच्या पेशी आजारी पडल्या की मी तासातासाला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचो. बापाला एकदाही धड पाहिलं नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मलेरियावाला भाऊ सायकलवर आला. काचपट्टीचा निकाल आता आला होता, दोन आठवडे उलटून. त्याला बातमी रस्त्यातच कळली असावी, कारण तो दारात आत येईना. मायनं त्याला बसवलं, पाणी दिलं.

"बाई, भाऊंच्या रक्तात काही नाई निंघालं," तो म्हणाला. "मलेरिया नव्हता."

मायनं त्यालाच विचारलं, "मंग कायनं गेले?"

तो पाणी प्यायला आणि सायकल वळवून निघून गेला. मायनं मान माझ्याकडे वळवली. त्या घरात प्रश्न विचारण्याचा मान बाबांचा होता. तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. "कायनं गेले गा?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. मी शिकतो तोच हा आजार असणार. बहुतेक मीच तो एसटीतून घरी आणला. ताप सलग राहिला तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं या आजारात धरायचं नसतं, हे मी चार वर्षं वाचत होतो, लिहीत होतो. तो खाली दिवस नव्हताच.

"तुले हे माहीत होतं?"

"होतं."

"मंग त्या दिशी जा काऊन म्हटलं?"

"ध्यानातच नाई आलं माय. हिवतापच वाटला. समद्याइले वाटला तसा मलेबी वाटला."

ती ओरडेल, छाती पिटेल, मला हाकलून देईल असं वाटत होतं. तसं काही झालं असतं तर मी तिचे पाय धरले असते. ती चुलीजवळ गेली, तिथली राख उगाच सारखी करत बसली. मग पाठमोरीच बोलली. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात इतका संताप होता की मी तो पुढे कोणाच्याच आवाजात ऐकला नाही.

"मी जाऊ नोका म्हटलं होतं. मायं त्याईनं जन्मात ऐकलं नाई, त्या दिशीबी नाई ऐकलं. तू नुसता बस म्हणला असता, तं बसले असते."